दहावीसाठी वर्षभर बॅडमिंटन बंद ठेवलं तर आठ वर्षांचं सगळं पुसलं जाईल?

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. मुलगी १४ वर्षांची, सहाव्या वर्षापासून बॅडमिंटन खेळतेय, जिल्हा पातळीपर्यंत पोचलीय. आता दहावी आली. घरच्यांचं म्हणणं, परीक्षा होईस्तोवर रॅकेटला हात लावायचा नाही. कोचचं म्हणणं, वर्षभर सोडलं तर मेंदूत झालेलं ‘वायरिंग’ सुटेल आणि आठ वर्षं पाण्यात जातील. त्यात तुमच्या दिरांनी कुठंतरी वाचलं की खेळाडूंचा मेंदू मोठा होतो, मग तो अभ्यासातही चालायला हवा. आणि शेवटच्या ओळीत धाकट्याला बॉक्सिंगला घालू का, हेही विचारलंय.

तुम्ही लिहिलंय, “खेळानं मेंदू खरंच बदलतो का?” पण तुम्हाला खरी काळजी आहे ती बदललेला मेंदू किती दिवस तसा राहतो याची. आधी पहिल्याचं उत्तर देते. ते नीट कळलं की दुसऱ्याची धास्ती निम्मी कमी होईल.

मी फिजिओथेरपिस्ट आहे, २२ वर्षं झाली. सकाळी लकव्याचे पेशंट, संध्याकाळी बॅडमिंटन हॉल. सकाळी साठीचे काका शर्टाचं बटण लावायला नव्यानं शिकत असतात, संध्याकाळी अकरा वर्षांची पोर बॅकहँड क्लिअर शिकत असते. दोघांच्या डोक्यात चाललेलं काम एकाच जातीचं असतं, म्हणून या विषयात मला रस. तुमच्या मुलीला मी पाहिलेलं नाही. तिला दुखापत आहे का, उंची अजून वाढतेय का, बंद म्हणजे पूर्ण बंद की आठवड्यातून दोन दिवस, आणि मुख्य म्हणजे तिला स्वतःला काय हवंय, यावर बरंच अवलंबून आहे. पण तत्त्व सांगता येतं.

२००४ साली जर्मनीत रेगेन्सबर्गला एक प्रयोग झाला. २४ जण घेतले, त्यातल्या १२ जणांना तीन चेंडू हवेत खेळवत ठेवायला शिकवलं, सर्कशीत करतात तसं. तीन महिने, सलग किमान ६० सेकंद जमेपर्यंत. आधी एमआरआय, नंतर एमआरआय. शिकलेल्यांच्या मेंदूत हलत्या वस्तूची गती टिपणारा भाग दोन्ही बाजूंना जरासा वाढलेला दिसला. डोळा आणि हात यांचा मेळ घालणाऱ्या डावीकडच्या एका भागातही तेच. न शिकलेल्या १२ जणांत काही फरक नाही. मग शिकलेल्यांना सांगितलं, आता तीन महिने सराव नाही. पुन्हा एमआरआय काढला तर वाढ बरीचशी ओसरलेली.

कोचनी बहुधा हेच ऐकलंय. पण ते पहिल्या तीन महिन्यांचं चित्र आहे, आठ वर्षांचं नाही.

मुळात ‘वाढ’ म्हणजे नव्या चेतापेशी उगवल्या असं नव्हे. एमआरआयच्या चित्रातला एक ठिपका साधारण मिलिमीटरभर जागेचा असतो आणि तेवढ्यात हजारो पेशी मावतात. पेशींच्या फांद्या वाढल्या, नवे जोड बनले, आधारपेशी फुगल्या की बारीक रक्तवाहिन्या वाढल्या, हे ते चित्र सांगत नाही. मी पालकांना घराच्या बांधकामाचं उदाहरण देते. काम चालू असताना दारात वाळूचे ढीग, परांच्या, विटांची चळत, गवंड्यांची झोपडी. लांबून बघणाऱ्याला वाटतं केवढी मोठी वास्तू! काम संपलं की परांच्या उतरतात, ढीग उचलले जातात, जागा पुन्हा लहान दिसते. घर मात्र उभं असतं. शिकताना मेंदू आधी पसारा घालतो, मग त्यातलं कामाचं तेवढं ठेवून बाकीचं आवरतो, असं मानणारे संशोधक आहेत आणि मला हॉलमध्ये जे दिसतं त्याच्याशी ते जुळतं. नवीन शिकणारं पोर सर्व्हिस करताना जीभ बाहेर काढतं, खांदे कानापर्यंत नेतं, डावी मूठ आवळतं. दोन वर्षांनी त्यातलं काहीच उरत नाही, फक्त सर्व्हिस उरते.

घर म्हणजे नेमकं काय, हे बऱ्याच अंशी पांढऱ्या भागात दडलंय. मेंदूतल्या लांब तारा आणि त्यांच्यावरचं मायलिन नावाचं चरबीचं वेष्टन म्हणजे हा पांढरा भाग. वेष्टन चांगलं असेल तर संदेश वेगानं जातो आणि, खेळात त्याहून महत्त्वाचं, वेळेवर पोचतो. २००९ मध्ये ऑक्सफर्डला सहा आठवडे चेंडू खेळवायला शिकवून पाहिलं तेव्हा पांढऱ्या भागातही बदल दिसला आणि नंतरचे चार आठवडे सराव बंद असूनही तो टिकला. त्याहून मला पटलेला प्रयोग उंदरांवरचा आहे. २०१४ मध्ये लंडनच्या एका चमूनं उंदरांना असं चाक दिलं ज्याचे गज सारख्या अंतरावर नव्हते, म्हणजे त्यावर पळायला खरंच शिकावं लागे. ज्या उंदरांत नवं मायलिन बनवणाऱ्या पेशी तयार होणं थांबवलं होतं त्यांना ते नीट शिकता आलं नाही. पण ज्यांनी चाक आधीच शिकून घेतलं होतं, त्यांच्यात ते नंतर थांबवलं तरी त्यांना चाकावर पळता येत होतं. शिकायला नवं मायलिन लागलं, शिकलेलं वापरायला नाही. उंदीर ते उंदीरच, मुलीला तसंच्या तसं लावता येणार नाही. पण तुमच्या प्रश्नाच्या सगळ्यात जवळ जाणारी गोष्ट हीच आहे.

आता वर्षानुवर्षं खेळणाऱ्यांचं. इथं डोक्याच्या मागच्या बाजूला, मानेच्या वर बसलेला लहान मेंदू पुढं येतो. नावाला लहान; माणसाच्या मेंदूतल्या साधारण ८६०० कोटी चेतापेशींपैकी ६९०० कोटींच्या आसपास तिथंच असतात. हालचाल ठरवणं त्याचं काम नाही. ठरलेली हालचाल वेळेत, मापात आणि डळमळ न होता पार पाडणं त्याचं काम. चीनमधल्या व्यावसायिक बॅडमिंटनपटूंचा अभ्यास २०१२ मध्ये आला, त्यात न खेळणाऱ्यांच्या मानानं लहान मेंदूचा मधला आणि उजवा भाग जास्त भरलेला दिसला. लहान मेंदूची उजवी बाजू शरीराच्या उजव्याच बाजूशी जोडलेली असते, आणि रॅकेट बहुतेकांच्या उजव्या हातात! कोरियातल्या बास्केटबॉलपटूंतही लहान मेंदूच्या मधल्या पट्ट्यात असाच फरक सापडलाय. लंडनमध्ये कराटेच्या ब्लॅक बेल्टवाल्यांना तपासलं तेव्हा ठोशाचा जोर नुसत्या स्नायूंवर नाही, तर खांदा आणि मनगट यांची वेळ किती अचूक जुळते यावर ठरतो असं दिसलं, आणि ती जुळणी लहान मेंदूतून निघणाऱ्या तारांच्या रचनेशी संबंधित निघाली.

मग दिरांचं म्हणणं बरोबर, मोठा मेंदू भला? तिथंच गाडी घसरते. लंडनच्या इम्पीरियल कॉलेजमध्ये २९ बॅले नर्तकी आणि २० रोइंगच्या खेळाडू मुली घेतल्या. अंधाऱ्या खोलीत खुर्चीवर बसवून गरगर फिरवलं, खुर्ची थांबल्यावर विचारलं, अजून फिरल्यासारखं वाटतंय का? नर्तकींची गरगर लवकर थांबली. त्यांच्या लहान मेंदूत कानातल्या तोल सांभाळणाऱ्या अवयवाकडून येणारे संदेश हाताळणारा भाग रोइंगवाल्यांपेक्षा लहान होता. वर्षानुवर्षं गिरक्या घेऊन त्यांच्या मेंदूनं ते संदेश मनावर न घेण्याची सवय लावून घेतली होती. एकाच प्रशिक्षणात एक कोपरा वाढतो, दुसरा आखडतो, आणि दोन्हींचा फायदा होतो. म्हणून “मेंदू किती टक्के वाढला?” असं कोणी विचारलं की मी विचारते, कुठला भाग आणि कशासाठी?

या अभ्यासांत एक मोठी खोट आहे, तीही सांगायला हवी. खेळाडू आणि बिगरखेळाडू यांची एकदाच तुलना केली तर खेळानं मेंदू असा झाला, की असा मेंदू होता म्हणून ती व्यक्ती खेळात टिकली, हे कळत नाही. ही गाठ सोडवली लंडनच्या टॅक्सीवाल्यांनी. तिथं परवान्यासाठी सुमारे २५ हजार रस्ते तोंडपाठ करावे लागतात. ७९ उमेदवारांचा एमआरआय तयारीच्या आधीच काढून ठेवला. ३९ जण पास झाले. सुरुवातीला सगळ्यांचे मेंदू सारखेच होते. तीन-चार वर्षांनंतर पास झालेल्यांतच हिप्पोकॅम्पसचा, म्हणजे स्थळांची आठवण ठेवणाऱ्या भागाचा, मागचा हिस्सा वाढला होता. म्हणजे सराव मेंदू घडवतो हे खरं. आणि टॅक्सीवाल्यांच्या आधीच्या अभ्यासात याच भागाचा पुढचा हिस्सा इतरांपेक्षा लहान आढळला होता, हेही खरं. रस्ते पाठ झाले म्हणून गणित सुधारेल असं नाही. बॅडमिंटननं तुमच्या मुलीचा भूमितीचा पेपर सोपा होणार नाही.

आठ वर्षांत तिच्या डोक्यात नेमकं काय जमा झालंय, ते बघायला एमआरआय लागत नाही. मी हॉलमध्ये एक गंमत करते. समोरच्या खेळाडूचा व्हिडिओ काढायचा आणि रॅकेट शटलला लागण्याच्या क्षणभर आधी थांबवायचा. मग विचारायचं, शटल कुठं पडणार? मागं की पुढं, डावीकडं की उजवीकडं? एकदा बारा वर्षांची एक मुलगी आणि तिचे बाबा शेजारी बसवले. बाबा इंजिनिअर, रविवारी हौसेनं खेळणारे. वीस फटके दाखवले. बाबांचे अंदाज चिठ्ठी टाकल्यासारखे. मुलगी मधूनच केळं खात होती आणि “ड्रॉप… क्रॉस ड्रॉप… नाही नाही, हा स्मॅश” असं म्हणत होती. वीसांपैकी पंधराच्या वर बरोबर. बाबा म्हणाले, “कसं ओळखलंस?” ती म्हणाली, “दिसतंय ना!” बाबांनी व्हिडिओ चारदा मागं-पुढं केला, त्यांना काही दिसेना.

याचा रीतसर अभ्यास ऑस्ट्रेलियाचे ब्रूस ॲबरनेथी यांनी १९८७ मध्ये बॅडमिंटनवरच केला होता. नवखे फक्त रॅकेट बघून अंदाज करतात, मुरलेले खेळाडू त्याआधी हलणाऱ्या हातावरूनही ओळखतात. गरजच तशी आहे. सात्विकसाईराज रंकीरेड्डीच्या स्मॅशची ५६५ किलोमीटर ताशी अशी नोंद २०२३ मध्ये गिनीजमध्ये झाली. कोर्टाची पूर्ण लांबी १३.४० मीटर, आणि माणसाला नुसता दिवा दिसून बटण दाबायला सेकंदाचा पाचवा हिस्सा लागतो. शटल हवेत लगेच मंदावतं हे धरलं तरी ते बघून मग हलायचं म्हटलं तर उशीर ठरलेलाच. तुमची मुलगी शटल निघण्याआधी हलते. ते तिच्यात आठ वर्षांत मुरलंय.

हे वर्षभरात जातं का? माझ्या अनुभवात, नाही. गुडघ्याचं ऑपरेशन झालेली एक मुलगी नऊ महिन्यांनी हॉलमध्ये परतली. पहिल्या दिवशी मी तिला फक्त मधोमध उभं केलं आणि पळायची सक्त मनाई केली. शटल कुठं जाणार तिकडं रॅकेटनं नुसतं बोट दाखव म्हटलं. ती दर वेळी बरोबर आणि वेळेआधी दाखवत होती. आणि रडत होती, कारण तिला कळत होतं कुठं जायचंय आणि पाय तिथं पोचणार नव्हते. दम परत आणायला दोन महिने लागले, उजव्या मांडीची ताकद यायला चार. फटक्याचं टायमिंग तीन-चार आठवड्यांत जुळलं. शटल ‘वाचणं’ तिला परत शिकवावंच लागलं नाही.

एक अपवाद आहे. मधल्या वर्षात मुलीची उंची तीन-चार इंचांनी वाढली तर हात-पाय लांब झालेले असतात आणि लहान मेंदूकडं जुनीच मापं असतात. मग ती नेटमध्ये मारते, शटल रॅकेटच्या कडेला लागतं. त्याला विसरणं म्हणू नका. मापं नव्यानं घेणं चालू असतं, आणि ते पहिल्यांदा शिकण्यापेक्षा कितीतरी लवकर होतं.

कोचच्या “लहानपणी नाही झालं तर कधीच नाही” या म्हणण्याबद्दल थोडं. लवकर सुरुवात केल्याचा ठसा दिसतो. त्या कराटेवाल्यांत सुरुवातीचं वय आणि तारांची रचना यांचा संबंध होता. पण दार बंद होत नाही. चेंडू खेळवण्याचा तो जर्मन प्रयोग नंतर साठीच्या आसपासच्या लोकांवर केला तेव्हा त्यांच्यातही बदल दिसले. चाळिशी ते साठीच्या लोकांनी ४० तास गोल्फ शिकला, तेवढ्यानंही मेंदूत फरक पडला. माझे बटणवाले काका तर रोजचेच साक्षीदार.

अभ्यासाचं म्हणाल तर खेळापेक्षा दमवणाऱ्या व्यायामाचा उपयोग जास्त, आणि तो मोजका आहे. अमेरिकेत सात ते नऊ वयाच्या २२१ मुलांवर नऊ महिने चाललेल्या एका प्रयोगात शाळा सुटल्यावर रोज धावपळ करणाऱ्या मुलांचं लक्ष टिकवणं आणि एका कामावरून दुसऱ्यावर वळणं सुधारलेलं दिसलं. टक्केवारी वाढण्याची हमी त्यात कुठंही नाही. पण वर्षभर खुर्चीला चिकटवून ठेवल्यानं फायदा होतो, असंही मला कुठं दिसलेलं नाही.

म्हणून माझ्याकडं आलेल्या दहावीच्या पालकांना मी हे सांगते. निवड चाचण्या आणि प्रवासाच्या स्पर्धा वर्षभर बंद. आठवड्यातून तीन दिवस, तासाच्या आत हॉल. त्यात वीस मिनिटं घाम निघेल असं पळणं, बाकी वेळ फक्त खेळ, मल्टिफीडचे, म्हणजे एकामागून एक शटल टाकून मारायला लावण्याचे, डब्यावर डबे नकोत. प्रिलिमच्या आणि बोर्डाच्या दिवसांत तेही बंद करा, काही बिघडत नाही. झोपेला मात्र हात लावू नका. शिकलेली हालचाल झोपेत पक्की होते. बोटांच्या हालचालींच्या एका प्रयोगात मधे काहीही सराव न करता नुसत्या रात्रीच्या झोपेनंतर वेग सुमारे २० टक्क्यांनी वाढला होता. पहाटे साडेपाचचा क्लास आणि रात्री साडेअकराची उजळणी यांच्यात खेळाचं नुकसान होतं ते हॉल बंद ठेवून होतं त्याहून जास्त. पाठांतराचंही तेच.

तुम्ही लिहिलंय की एक संस्था खेळाडू मुलांचं ‘ब्रेन मॅपिंग’ करून कुठला खेळ योग्य ते सांगते. पैसे घालवू नका. वर जे प्रयोग सांगितले ते गटांची सरासरी आहेत. एका मुलीचं चित्र बघून ती बॅडमिंटनला योग्य की अयोग्य हे सांगणारं यंत्र जगात कुठंही नाही. डोळ्यांवर पट्टी बांधून वाचायला शिकवणाऱ्यांच्या शेजारीच यांचं दुकान समजा.

आता धाकट्याचं बॉक्सिंग. मेंदूची रचना बदलते ती नेहमी भल्यासाठीच असं नाही. ठोसे खाऊन झिंगल्यासारखे वागणाऱ्या मुष्टियोद्ध्यांचं वर्णन अमेरिकेतल्या मार्टलंड नावाच्या डॉक्टरांनी १९२८ मध्येच करून ठेवलंय. अमेरिकन फुटबॉल (हेल्मेट घालून एकमेकांवर आदळत खेळायचा) खेळलेल्यांच्या, मृत्यूनंतर दान केलेल्या मेंदूंतही तसलीच झीज सापडलीय. आपल्याकडच्या फुटबॉलमध्ये डोक्यानं चेंडू मारण्याबद्दलही सावधपणा आलाय; अमेरिकेतल्या या फुटबॉलच्या, म्हणजे सॉकरच्या, संघटनेनं २०१५ मध्ये दहा वर्षांपर्यंतच्या मुलांना हेडिंग बंद केलं. त्यामुळं धाकट्यानं दोरीवरच्या उड्या माराव्यात, पिशवीवर ठोसे मारावेत, पदलालित्य शिकावं. त्यात मला अडचण दिसत नाही. समोरासमोर डोक्यावर ठोसे घेणं मी माझ्या मुलाला या वयात करू देणार नाही. आणि कुठल्याही खेळात, कबड्डीतसुद्धा, डोकं आपटून मूल गोंधळलं, ओकलं किंवा “मघाशी काय झालं ते आठवत नाही” म्हणालं, तर त्या दिवशी परत मैदानात नाही. डॉक्टरांकडं न्यायचं. पंच किंवा कोच काय म्हणतात ते ऐकायचंही नाही.

तुमच्या कोचशी भांडू नका. चांगली खेळाडू हातातून जाईल ही त्यांची भीती खरी आहे, फक्त तिला मेंदूचं नाव दिलंय. वर्षभर सोडलेल्या मुली परत येत नाहीत हे मीही बघते, पण त्या विसरतात म्हणून नव्हे. बरोबरीच्या मैत्रिणी पुढं गेलेल्या असतात, बॅच बदललेली असते आणि अकरावीचा क्लास नेमका हॉलच्या वेळेला असतो. म्हणून तीन दिवस का होईना, तिची बॅच तीच ठेवा.

आणि रॅकेट कव्हरात घालून माळ्यावर टाकली असेल तर खाली काढा. वापरली नाही तरी गटिंगचा, म्हणजे जाळीच्या तारांचा, ताण सुटत जातो. परत खेळायला लागण्याच्या आदल्या दिवशी ते नवीन ताणून घ्या. नाहीतर पहिल्याच संध्याकाळी सगळी शटल्स भलतीकडं जातील, ती घरी येऊन म्हणेल टायमिंग गेलं, आणि तुम्ही पुन्हा मेंदूला दोष द्याल.